नाशिक-इगतपुरीच्या वायनऱ्या : काय प्यावं, कशाबरोबर खावं आणि दाजींना कसं आवरावं

कसारा_लोकल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण दोन दिवसांसाठी नाशिकला निघालोय. ताई आणि दाजी बंगळुरूहून येताहेत, शिवाय मी, बायको आणि बाबा. बाबा चौऱ्याहत्तरचे. वाइनच्या थेंबाला आयुष्यात शिवलेले नाहीत, पण द्राक्षं दिसली की पेटी संपेपर्यंत उठत नाहीत. "तुम्ही प्या काय ते, मी बागा बघेन" या अटीवर तयार झालेत.

खरी अडचण दाजींची आहे. त्यांनी कुठलासा ऑनलाइन कोर्स केलाय आणि तेव्हापासून आमच्या घरात ग्लास गोल फिरवल्याशिवाय कुणी पन्हंसुद्धा पीत नाही. त्यांचा एकच मंत्र : मटणाला रेड, माशाला व्हाइट. बायकोने विचारलं, "मग मिसळीला?" तर म्हणाले, मिसळ ही वाइनसोबत खायची गोष्टच नव्हे. आता नाशिकला जाऊन मिसळ नाही म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच परत फिरणं झालं.

तर जाणकारांनी सांगावं : दोन दिवसांत कुठल्या वायनऱ्या होतील, द्राक्षाच्या कुठल्या जाती आवर्जून चाखाव्यात, आणि आपल्या जेवणाबरोबर काय चालतं.

तर्री_मारके

मिसळीला ताक. धागा बंद करा.

खडीसाखर

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). दाजींना आयडी घ्यायला सांगा, मजा येईल.

गंगापूर_रोड

नाशिककर हजर आहे. आधी भूगोल सांगतो, नाहीतर तुम्ही एका दिवसात चार वायनऱ्या ठरवाल आणि अर्धा दिवस गाडीत जाईल.

पश्चिमेला सह्याद्रीची धार : इगतपुरी, त्र्यंबक. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून पूर्वेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर निफाड, तिथे त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. सगळा मुलूख समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर, पण एकाच जिल्ह्यात दोन हवामानं. वायनऱ्या या पट्ट्यात विखुरलेल्या आहेत.

गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा. सुला सगळ्यांना माहीत असते. राजीव सामंत यांनी आईच्या, म्हणजे सुलभाताईंच्या, नावावरून नाव ठेवलं आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाहेर आल्या, शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यों ब्लां, दोन्ही व्हाइट. त्याआधी या भागात द्राक्ष म्हणजे मुख्यतः खायचं नाहीतर बेदाण्याचं. शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते, सेल्फी काढणाऱ्यांच्या कोपरांपासून ग्लास सांभाळावा लागतो. यॉर्क शेजारीच आहे, तीही आता सुलाच्याच छत्राखाली, पण गर्दी त्या मानाने कमी. संध्याकाळी तिथून धरणाचं पाणी बघत बसावं. बाबांना आवडेल.

दिंडोरीकडे शाँदों. मूळ फ्रेंच कंपनी, २०१३ पासून इथे फसफसणारी वाइन करते. इगतपुरी-कावनई बाजूला ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोन. तुमच्या दाजींना ग्रोव्हर हे नाव बंगळुरूजवळच्या नंदी हिल्समधल्या त्यांच्या बागांमुळे ठाऊक असेल, २०१२ मध्ये ते आणि इथली झाम्पा एकत्र आले. व्हॅलोन लहान आहे, मुकणे धरणाच्या अंगाला, मागे डोंगर. माझ्या मते डोंगरातली वायनरी म्हणावी तर हीच. निफाडकडे कुंदेवाडीला रेवेलो, त्यांनी नेरो दाव्होला आणि ग्रिलो या इटलीतल्या जाती लावल्यात. दुसरीकडे सहसा दिसत नाहीत.

येताना समृद्धीने इगतपुरीला उतरा, पहिला दिवस त्या बाजूला, मुक्काम नाशकात, दुसरा दिवस गंगापूर. दिवसाला दोन वायनऱ्या पुरे. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही, फक्त बिल कळतं. निघण्याआधी ड्राय डे नाही ना ते बघा. आणि गाडी चालवणारा माणूस बाटलीपासून लांबचा ठेवा. बाबा चालवत असतील तर उत्तमच.

कसारा_लोकल

दंडवत! बाबांची गाडी चाळीसच्या वर जात नाही, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर केलाय.

पाटाचं_पाणी

गंगापूर_रोड यांनी वायनऱ्या सांगितल्या, मी बाग सांगतो. निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्ष आहे. त्यातलं एक एकर वाइनचं, शेनिन. बाकी थॉमसन, म्हणजे खायचं बिनबियांचं.

युरोपात वेल थंडीत झोपते. पानं झडतात, बर्फ पडतो, वसंतात ती आपली आपण जागी होते. आपल्याकडे तशी झोपेजोगी थंडीच नाही. इथे वेलीला आम्ही कात्रीने झोपवतो आणि कात्रीनेच उठवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्या फुटीतून फळ घ्यायचं नसतं, काडी तयार करायची असते. पुढच्या हंगामाचा घड त्या काडीच्या डोळ्यात (जिथून कोंब फुटतो तिथे) उन्हाळ्यातच धरतो, फक्त दिसत नाही. मग पावसाळाभर ती काडी सांभाळायची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. छाटलं की डोळ्यांना पेस्ट लावायची म्हणजे फूट एकसारखी निघते. तिथून साडेचार-पाच महिन्यांनी काढणी. तुम्ही फेब्रुवारीत येताय म्हणजे ऐन काढणीत येताय.

आता मुद्द्याची गोष्ट. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकतं ते उतरत्या उन्हात, ऑगस्ट-सप्टेंबरला. दिवस लहान होत जातात, रात्री गार होत जातात, साखर सावकाश चढते आणि आंबटपणा टिकतो. आमचं पिकतं चढत्या उन्हात. घड डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पोसतो (निफाडचा पारा तुम्ही पेपरात वाचताच), आणि नेमकं पिकायच्या वेळेला फेब्रुवारीचं ऊन तापायला लागतं. साखर धावत सुटते आणि आंबट गळून जातं. वायनरीचा माणूस दिवसाआड येतो, ओळीत फिरून मणी तोडतो, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघतो. परवा एकवीस, आज साडेबावीस. अजून आठ दिवस थांबलं तर बी आणि साल नीट पिकेल, पण आंबट उरणार नाही. आज तोडलं तर आंबट मिळेल, पण साल कच्ची. दरवर्षी हाच तिढा. नाशिकच्या वाइनची सगळी चव या आठ दिवसांत ठरते असं माझं मत आहे. यंत्रं-बिंत्रं नंतरची.

शेनिन इथे रुळली ती यामुळेच. तिचा आंबटपणा चिवट आहे, उन्हाला लवकर दाद देत नाही. कॅबरनेला (ही रेडची जात) सावकाश पिकायला आवडतं, तिला इथे घाई होते. घाईत तोडलेल्या कॅबरनेला कधीकधी ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास येतो. दाजींना तो वास सापडला तर त्यांना सांगा, तो बॅरलचा नाही, कॅलेंडरचा आहे.

तोडणी पहाटे. आमच्याकडे तीनला बॅटऱ्या डोक्याला बांधून बाया-माणसं ओळीत शिरतात. नऊच्या आत क्रेट वायनरीत पोचले पाहिजेत, तापलेलं द्राक्ष वाटेतच रस सोडायला लागतं.

उंटावरचा_शहाणा

जबरदस्त प्रतिसाद. एक बाळबोध प्रश्न : थॉमसनचीच वाइन का नाही करत? ढिगाने पिकते की.

पाटाचं_पाणी

करता येते, पण पाणचट होते. खायच्या द्राक्षाला आम्ही विरळणी करतो, जीए (मणी वाढवणारं संप्रेरक) देतो, मणी लांबवतो आणि फुगवतो. गिऱ्हाइकाला पातळ साल, बिनबियांचा, करकरीत मणी हवा असतो. वाइनला बरोब्बर उलटं हवं. लहान मणी, जाड साल, आत बिया. रंग, वास, तुरटपणा बराचसा सालीत असतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून वाइनच्या बागेला पाणीही हात राखून देतात. खायच्या द्राक्षाला सोळा-अठरा ब्रिक्स आलं की काम झालं, वाइनचं बावीस-चोवीसला तोडतात. बाबांना एक शेनिनचा मणी तोंडात टाकायला लावा आणि चेहरा बघा.

टॅनिन_शास्त्री

वरचे प्रतिसाद छान, पण नाशिकची रेड म्हणजे कच्ची असा सूर निघतोय तो मान्य नाही. शिराजबद्दल बोला ना. शिराज उन्हाला सोसते, लवकर पिकते, आणि दिंडोरी भागातली चांगली शिराज मिरी-लवंगेच्या वासाची होते. टेम्प्रानियो आणि माल्बेकही आता बरी येतेय. मी गेल्या काही वर्षांत चाखलेल्या नाशिकच्या सर्वांत चांगल्या पाच बाटल्यांपैकी तीन रेड होत्या.

रेड वाईट लागते याचं निम्मं कारण बागेत नसून आपल्या हॉलमध्ये असतं. "रेड रूम टेंपरेचरला प्यावी" हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्या खोल्या दगडी आणि गार होत्या. सोळा ते अठरा अंश हे ते तापमान. आपल्याकडे मार्चमध्ये खोलीत बत्तीस असतं. त्या तापमानाला कुठलीही रेड काढ्यासारखी लागणारच, मग ती फ्रान्सची असो की फुरसुंगीची. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग बोला.

पाटाचं_पाणी

शिराजवर शास्त्रीबुवांशी वाद नाही. मी कॅबरनेचं बोललो होतो.

पाटावरवंटा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि तुम्ही लोक मला भूक लावताय. कसारा_लोकल, जेवणाचं माझ्यावर सोडा. मी वाइनची अभ्यासक वगैरे नाही. नवऱ्याला हौस आहे आणि मला स्वयंपाकाची, त्यामुळे दहा-बारा वर्षं आमच्या डायनिंग टेबलवर प्रयोग चालू आहेत. काही फसले, ते आधी सांगते.

मटणाला रेड हा नियम ज्या मटणासाठी झाला ते भाजलेलं, मीठ-मिरी लावलेलं. आपलं मटण मटण नसतंच, तो मसाला असतो, मटण त्यात पोहत असतं. वाइनची जोडी मांसाशी लावायची नाही, रश्श्याशी लावायची. एवढं एक कळलं की दाजींचा मंत्र आपोआप गळतो.

तिखटाचं असं आहे : मिरचीचा जाळ पाण्याने जात नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. दारूने तो वाढतो. तुरटपणाने आणखी वाढतो. एकदा तांबड्या रश्श्याबरोबर मी नवऱ्याने जपून ठेवलेली ओकच्या पिंपात मुरवलेली कॅबरने उघडली. पहिल्या घोटाला जीभ अशी पेटली की दोघंही काही न बोलता उठून दह्याच्या भांड्याकडे गेलो. बाटली महाग होती, तिचा पुढे पुलाव केला. तिखटाला हवा गारवा आणि किंचित गोडवा. म्हणजे परत शेनिनच, ती सुद्धा थोडी साखर राखलेली, आठ-दहा अंशांना गार. मिसळीला हीच. मटकी, तर्री, लिंबू आणि शेनिन. फरसाण मात्र थोडं थोडं घाला, भिजून गेलं तर मजा जाते (हे वाइनशी संबंधित नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही).

फसफसणारी वाइन तर्रीबरोबर घेऊ नका. बुडबुडे स्वतःच जिभेला टोचतात, जाळावर फुंकर घातल्यासारखं होतं. ती तळणाची सोबतीण आहे. साबुदाणा वडा, बोंबील फ्राय, कांदा भजी. तेलाने तोंडावर जो थर चढतो तो एका घोटात साफ, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. आणि नाशिकचा चिवडा! चिवडा आणि शाँदों याइतकी सोपी आणि चांगली जोडी मला अजून मिळालेली नाही. स्वयंपाकघरात जावंच लागत नाही.

सॉव्हिन्यों ब्लांला मुळातच हिरव्या पाल्याचा वास असतो. तिला कोथिंबीर वडी द्या, हिरव्या वाटणातली कोलंबी द्या, पुदिन्याची चटणी लावलेलं काहीही द्या. सुरमईला कोकमाचं आगळ लावून तव्यावर भाजली असेल तर हीच. आंबट जेवणाबरोबर वाइन त्याहून आंबट असावी लागते, नाहीतर ती बेचव होते. चिंचगुळाच्या अळूवडीला मात्र ती कडवट वाटते, तिथे परत गोडसर शेनिन. नारळाच्या दुधातल्या पांढऱ्या रश्श्याला व्हिऑन्ये. जर्दाळूसारखा वास, अंगाने भरलेली, आंबट कमी. नारळाला जास्त आंबट सोसत नाही.

शिराज हवीच असेल तर वांग्याचं भरीत करा, खानदेशी, चुलीवर किंवा गॅसवर पार काळं करून भाजलेलं. मिरची हात राखून, शेंगदाणे आणि तेल सढळ. धुराचा वास आणि शिराजची मिरी एकमेकांना ओळखतात. वर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी. आमच्याकडे हा बेत पाहुण्यांसाठी राखीव आहे.

आणि फेब्रुवारीत येताय तर कुठे हुरडा मिळतोय का बघा, हंगाम सरत आलेला असेल. गरम हुरडा, तिळाची चटणी, दही आणि गार रोझे (गुलाबी वाइन). रोझेला लोक बायकी म्हणतात, म्हणू देत.

टॅनिन_शास्त्री

भरीत-शिराज वाचून उठून उभा राहिलो. पण काळ्या मसाल्याच्या मटणाला तरी शिराज द्या हो! काळा मसाला हा जाळाचा नाही, भाजलेपणाचा मसाला आहे. सुकं खोबरं, दगडफूल, तीळ. तेल आणि चरबी तुरटपणाला मऊ करतात.

पाटावरवंटा

सुक्या मटणाला देते. रश्श्याला नाही. तुमच्याकडच्या काळ्या मसाल्यात मिरची किती असते ते सांगा, मग ठरवू.

टॅनिन_शास्त्री

आई करते. विचारायची सोय नाही.

सौ_गोडबोले

पुरणपोळीला काय द्यावं? होळी येतेच आहे.

पाटावरवंटा

तूप. आणि दूध. पुरणापुढे कुठलीही कोरडी वाइन लिंबाच्या पाण्यासारखी लागते, आणि गोड वाइन पदार्थापेक्षा गोड असावी लागते. पुरणाहून गोड काय आणणार? लेट हार्वेस्ट शेनिन मिळते, घड वेलीवर जास्त राखून केलेली. तिला खारवलेले काजू द्या. पुरणपोळीला तिच्या घरी सुखाने नांदू द्या.

तर्री_मारके

मी अजूनही ताकावर ठाम आहे. पण मिसळीला शेनिन एकदा करून बघेन. कुणाला सांगू नका.

सह्याद्रीचा_वारा

सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण एक बोचतंय. वाइनच्या कौतुकात शेतकरी कुठे आहे? जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला मंत्रिमंडळाने परवानगी दिली तेव्हा म्हणे शेतकऱ्यांचं भलं होणार होतं. मग गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि विषय गार पडला. तुम्ही बागायतदार आहात, काय वाटतं?

पाटाचं_पाणी

राजकारणावर बोलणार नाही, धागा भरकटेल. माझ्यापुरतं सांगतो.

२००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला आणि तिकडे सांगलीत पलूसला वाइन पार्क झाले. आमच्या भागात तेव्हा लाट होती. ज्याला त्याला वायनरी काढायची होती. मी तीन एकर वाइनचं लावलं होतं, कॅबरने आणि शिराज, एका वायनरीशी करार करून. नाव घेत नाही. पहिली तीन वर्षं पैसे वेळेत. मग २००८ ची मंदी, मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांत पडून राहिली. त्या हंगामात माल तोडून नेला आणि पैसे आज देतो उद्या देतो करत राहिले. पुढच्या वर्षी तोडायलाच कुणी आलं नाही. वाइनचं द्राक्ष बाजारात नेता येत नाही, बियांमुळे कुणी खात नाही. बेदाणाही होत नाही. घड वेलीवर सुकले. आम्ही तीन एकर मुळासकट उपटलं, खोडं जळणाला गेली. दोन वर्षं चहा त्याच्यावर झाला घरात.

नंतर एक एकर परत लावलं, शेनिन. करार आता नीट वाचतो. भाव खायच्या द्राक्षाइतका चढत नाही, पण इतका पडतही नाही. फवारण्या आणि मजुरी कमी लागते, विरळणी नाही, डिपिंग (घड जीएत बुडवणं) नाही. गारपीट झाली तर मात्र दोन्ही सारखीच मरतात.

सह्याद्रीचा_वारा

धन्यवाद. प्रश्न विचारल्याचं वाईट वाटतंय आणि बरंही.

गंगापूर_रोड

यावर वेगळा धागा व्हायला हवा. पाटाचं_पाणी, लिहा तुम्ही.

पाटाचं_पाणी

मार्चनंतर.

कसारा_लोकल (धागाकर्ता)

परत आलो मंडळी! वृत्तांत देतो, थोडा लांबेल.

पहिला दिवस इगतपुरीकडे. कावनईच्या वाटेला लागल्यावर दाजी गप्प झाले, कारण समोर डोंगर, खाली पाणी आणि मध्ये वेलींच्या सरळ ओळी. कोर्समध्ये हे नव्हतं बहुतेक. तिथे व्हिऑन्ये आणि माल्बेक चाखली. माल्बेक मला फार आवडली, जांभळासारखी. दाजींनी "चॉकलेट, चामडं, ओली माती" असं काहीतरी लिहून घेतलं. बायकोने विचारलं, चामडं कधी खाल्लंत?

एका ठिकाणी (नाव नको) रेड थेट उन्हातल्या काउंटरवरून ओतून दिली. हातात ग्लास कोमट लागत होता. मी टॅनिन_शास्त्रींचं स्मरण करून बर्फाची बादली मागितली, तर पोराने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी वाइनमध्ये बर्फ टाकणार आहे. बादलीत दहा मिनिटं ठेवल्यावर तीच वाइन निराळी लागली. दाजींनी कबूल केलं. लेखी घेतलंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पाटाचं_पाणी यांच्या बागेत. हो, त्यांनी व्यक्तिगत निरोप करून बोलावलं होतं, तोडणी होती. कडाक्याची थंडी, आम्ही सगळे शालीत, आणि ओळीतल्या बायका पदर खोचून कात्रीने घड उतरवताहेत, टोपलीत टाकत नाहीत, ठेवताहेत. बॅटरीच्या उजेडात शेनिनचे घड अगदी घट्ट, मण्याला मणी चिकटलेला. बोट आत जाईना.

बाबांना एक घड दिला. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, चावला, थांबले. मग बिया तळहातावर काढून बॅटरीखाली धरल्या. दोन होत्या. "साल जाड आहे. बी आहे. पण गोड किती! साखरेच्या पाकासारखं." मग आणखी एक. मग म्हणाले, "यात आंबटही आहे की मागाहून." पाटाचं_पाणी हसले आणि म्हणाले, काका, त्याच आंबटाचे पैसे मिळतात आम्हाला. बाबांनी पाऊण घड संपवला, सगळ्या बिया रुमालात बांधल्या. घरी कुंडीत लावणार आहेत. मी म्हटलं बियांपासून तीच जात येत नाही, काडीच लावावी लागते, तर म्हणाले तुला काय करायचंय.

तिथून दुपारी मिसळ. गंगापूर रोडच्याच एका बागेतल्या मिसळवाल्याकडे, तिथे अर्थातच वाइन नाही, त्यामुळे पार्सल घेऊन मुक्कामी आलो. शेनिन तोवर फ्रिजमध्ये. दाजींनी आधी शिराज ओतून घेतली, "एकदा नियम तपासून बघतो" म्हणून. तर्रीचा एक घास, शिराजचा एक घोट. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ताईने न बोलता शेनिनचा ग्लास पुढे सरकवला. त्यानंतर दाजींनी ग्लास फिरवला नाही, सरळ प्यायला.

बाबांनी काय केलं असेल? त्यांनी विचारलं, "ही त्या बियावाल्या द्राक्षाची?" हो म्हटल्यावर चमचाभर चाखली. चमचाभरच, चहाच्या चमच्याने. जिभेवर फिरवली. "ते आंबट आहे यात. गोड कुठे गेलं?" दाजींनी समजावलं, साखरेचं अल्कोहोल होतं. बाबा म्हणाले, "मग द्राक्षच बरं." आणि फरसाणाकडे वळले.

भरीत-शिराज पुढच्या रविवारी. पाटावरवंटा, कळण्याच्या भाकरीची पाककृती द्या.

पाटावरवंटा

कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद सालासकट, चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, चवीला मीठ घालूनच दळायचं. पीठ गरम पाण्यात मळा, थापताना कडा तुटतील, तुटू द्या. बाबांना चमचाभर दिलीत हे बरं केलंत.

टॅनिन_शास्त्री

कोमट रेडचा किस्सा वाचून धन्य झालो. दाजींचा लेखी कबुलीजबाब इथे टाका.

तर्री_मारके

केली. मिसळ आणि शेनिन. ताक फ्रिजमध्ये राहिलं. बास, इतकंच बोलेन.

कसारा_लोकल (धागाकर्ता)

पाटाचं_पाणी, बाबा विचारताहेत पुन्हा कधी येऊ.

पाटाचं_पाणी

एप्रिलमध्ये आणा काकांना, खरड छाटणीला. बागेत तेव्हा बघायला काही नसतं, नुसती खोडं आणि ऊन, म्हणून कुणी येत नाही. छाटलेल्या काड्या मिळतील, पण त्या स्वतःच्याच मुळांवर वाढतील, आम्ही डॉगरिजच्या (दुसऱ्या जातीच्या वेलीच्या) खुंटावर कलम करतो. कुंडी मोठी घ्या म्हणावं. आणि बिया फेकून द्यायला सांगू नका त्यांना.